साप, नळाचा खड्डा आणि बाईचं काम

पावसाळा लागला की वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार-चार ओळींच्या बातम्या येऊ लागतात. ‘सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू.’ ‘सर्पदंशाने महिलेचा मृत्यू.’ पुरुष असला की तो शेतकरी असतो. बाई असली की ती नुसती महिला असते, मग तिचा अर्धा जन्म निंदण-खुरपणात आणि कापूस वेचण्यात का गेला असेना. पुढे एवढंच लिहिलेलं असतं, की ‘घरकाम करीत असताना’ साप चावला. हे घरकाम नेमकं कोणतं, घराच्या कोणत्या कोपऱ्यातलं, किती वाजता, तिथे उजेड होता की नव्हता, याबद्दल बातमीत काही नसतं. या लेखात मला त्या न छापलेल्या ओळीबद्दल लिहायचं आहे.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या बचतगटांच्या बैठकांमध्ये आम्ही दारूबद्दल, मारहाणीबद्दल, रेशनबद्दल, सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल बोलतो. सापाचा विषय निघाला की मात्र चळवळीतल्या मैत्रिणीही म्हणतात, हा तर आरोग्य खात्याचा नाहीतर सर्पमित्रांचा विषय, यात स्त्रीप्रश्न कुठला? माझं म्हणणं असं, की साप कोणालाही चावू शकतो हे खरं असलं, तरी तो कुठे दबा धरून बसतो आणि त्या जागी हात कोणाचा जातो, ही गोष्ट निसर्गाने ठरवलेली नाही. ती घराच्या आणि गावाच्या रचनेने ठरवलेली आहे. उपचाराला कोणाला किती लवकर नेलं जातं, हेसुद्धा विषावर कमी आणि घरातल्या स्थानावर जास्त अवलंबून असतं.

आधी आकडे पाहू. देशभर घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं विचारणारी ‘मिलियन डेथ स्टडी’ नावाची मोठी पाहणी झाली. तिच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सर्पदंशाने मरणाऱ्यांत ५९ टक्के पुरुष आणि ४१ टक्के स्त्रिया होत्या. ९७ टक्के मृत्यू खेड्यांतले होते. आणि दवाखान्यात झालेले मृत्यू होते फक्त २३ टक्के. बाकीची माणसं घरी, वाटेत किंवा मांत्रिकाच्या ओट्यावर गेली. २०२० मध्ये याच पाहणीवर आधारित दुसरा अभ्यास आला. त्याने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज मांडला. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

पुरुष जास्त मरतात, हे या आकड्यांत स्पष्ट आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येते, म्हणून रात्री ओलिताला जाणारा शेतकरी अंधारात वाफ्यात उतरतो आणि त्याच्या पायाखाली साप येतो. त्याच्या बाजूने ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी तरी उभी राहिली. तिच्यासाठी मोर्चे निघाले, सरकारांना सौर वाहिन्यांच्या योजना आणाव्या लागल्या. पण दहातल्या ज्या चार बाया मेल्या, त्यांच्या बाजूने कोणती मागणी उभी राहिली? त्यांच्या वाट्याला आली ती फक्त सूचना: ‘बायांनी सावध राहावं.’

आता आपल्या गावातला नळ पाहू. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. विहिरीला, हातपंपाला खारं पाणी, त्यामुळे पिण्याचं पाणी दूरच्या धरणातून नळाने आणावं लागतं. या मोठ्या योजनांमधून काही गावांना चार दिवसांनी, काहींना आठ दिवसांनी पाणी मिळतं. लाइनीच्या शेवटी असलेल्या वस्तीपर्यंत ते पोचेतो त्याचा जोर संपलेला असतो. पुढच्या घरांनी टिल्लू पंप लावले की मागच्यांच्या तोटीला थेंब येत नाही. मग मागचे लोक काय करतात? तोटी खाली नेतात. जमिनीत दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही खोल खड्डा खणतात, पाइप तिथे उघडा करतात आणि बाई त्या खड्ड्यात उतरून तांब्या-तांब्याने गुंड भरते. गावाची लाइन जिथे संपते तिथे बहुधा कोणाची वस्ती असते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

हा नळाचा खड्डा बारा महिने ओला असतो. सांडलेलं पाणी तिथेच मुरतं. भोवताली बेडूक जमतात, दगडांच्या सांदीत गारवा असतो, वर फाटकं पोतं नाहीतर मोडका पत्रा झाकलेला असतो. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पाऊस पडून त्या भेगा आणि बिळं पाण्याने भरली की आतला जीव बाहेर पडतो आणि कोरडी, आडोशाची जागा शोधतो. नाग बेडूकही खातो आणि उंदीरही. त्याला अशा खड्ड्यात सगळंच मिळतं. पाणी कधी रात्री अकराला येतं, कधी पहाटे तीनला. तेव्हा उतरते ती सून, नाहीतर शाळेत जाणारी पोरगी. एका बैठकीत मी उजेडी पाणी भरण्याबद्दल बोलत होते, तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, “ताई, नळ रातच्याले येते. मंग आमी पाणी दिवसा कुठून भरावं?” सगळ्या हसल्या. पण ‘सावध राहा’ या सल्ल्याचं याहून नेमकं उत्तर मला मिळालेलं नाही.

नळाचं जे, तेच घरातल्या बाकीच्या सोयींचं. न्हाणीच्या मोरीचं भोक भिंतीतून थेट उकिरड्याकडे उघडतं आणि त्याला जाळी नसते. संडास बांधले गेले, अनुदान उचललं गेलं, दारावर रंगीत घोषणा लिहिल्या गेल्या. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, २०१४ नंतर स्वच्छ भारत आलं. पण कितीतरी संडासांत पाणी नाही, दिवा नाही, दाराखाली वीतभर फट आहे. वापरात नाही म्हणून तिथे गोवऱ्या आणि सरपण भरून ठेवलेलं असतं. म्हणजे बाई अंधारात बाहेर गेली तरी धोका, आणि गोवरी काढायला संडासात शिरली तरी धोका. पऱ्हाट्यांची गंजी तर घराच्या भिंतीलाच टेकलेली. गॅसची शेगडी आली, पण सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल विझलेली नाही, आणि चूल आहे तोवर पहाटे अंधारात गंजीत हात घालणं आलंच. विजेच्या मीटरचा बोर्ड भिंतीवर असतो, त्यामागची वायरीची भोकं बुजवलेली नसतात. उंदीर तिथून ये-जा करतात, पाली भोवती असतात, त्यांच्या मागे साप येतो. भाव येईल म्हणून राहत्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो आणि त्याच्या बाजूलाच घर झोपतं.

झोपण्याचाही विचार करू. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. घरात एक किंवा दोन खाटा असतात. त्यावर सासरा झोपतो, नवरा झोपतो, पाहुणा झोपतो. सून लेकराला घेऊन खाली सतरंजीवर. मी हा प्रश्न एकदा सरळ विचारला, तर उत्तर आलं, “मी खाटेवर झोपली तं लोक काय म्हनतीन?” खाट कोणाची, हा मानाचा प्रश्न म्हणून आपण बोलत आलो. तो जीवाचाही प्रश्न आहे.

मण्यारीचा दंश आणखी एका कारणाने बाईला जास्त घातक ठरतो. त्या दंशाला सूज नसते, आग नसते, कधी दातांची खूणही दिसत नाही. बाई पहाटे उठते ती पोटात दुखतंय म्हणून. उलटी होते. थोड्या वेळाने पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही, मग श्वास अडकतो. आता विचार करा, पहाटे पाचला सुनेने ‘पोटात दुखतंय’ म्हटलं तर घरात काय उत्तर मिळतं? पाळीचं असेल. ॲसिडिटी असेल. रात्रीचं शिळं खाल्लं असेल. कामाचा कंटाळा आला असेल. बाईच्या पोटदुखीवर विश्वास न ठेवण्याची आपल्या घरांची जुनी सवय आहे आणि मण्यारीच्या विषाला तेवढे दोन-तीन तास पुरतात. म्हणून प्रत्येक बैठकीत एक वाक्य पाठ करून घ्यावं: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं आणि पापण्या मिटू लागल्या, तर साप दिसो न दिसो, दवाखाना गाठायचा.

दंश झाल्यानंतरचा निर्णय कोण घेतं, हाही आपलाच विषय आहे. गाडी कोणाची, पैसे कोणाच्या हातात, नवरा शेतावर असला तर त्याची वाट पाहायची का, आधी भगताकडे न्यायचं की थेट दवाखान्यात, हे सगळं ठरतं तेव्हा जिला साप चावला ती बाजूला बसून असते. मेळघाटात वाट आणखी लांबते. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट. तिथे भुमका आधी बोलावला जातो. त्याला शिव्या घालून काही होत नाही. पाड्यावर रात्री हाकेला येणारा माणूस तोच असतो. त्याला सोबत घेऊन ‘तू मंत्र गाडीत बसून म्हण, पण गाडी थांबवू नको’ असं सांगावं लागतं. मात्र उपचाराला जाऊच न देणारा कोणी असेल तर कायदा आपल्या बाजूने आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षं कैदेची शिक्षा आहे. ही तरतूद फार थोड्या कार्यकर्त्यांना माहीत आहे.

प्रथमोपचार सोपे आहेत, आणि त्यातही बाईसाठी एक वेगळी गोष्ट आहे. साप हाताला किंवा पायाला चावला की त्या बाजूच्या बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण ताबडतोब काढायचे. घोणशीच्या, म्हणजे आपल्याकडे जिला परड म्हणतात तिच्या दंशाने अवयव भराभर सुजतो. मग तेच दागिने फास होऊन रक्त अडवतात. पण “नवरा जित्ता असतानी जोडवे कसे काढाव?” असं विचारणाऱ्या बाया आहेत. त्यांना सांगायचं, नवरा जिवंत आहेच, तूही राहा. बाकी नियम सगळ्यांना सारखे. घाबरवायचं नाही. चालवायचं, पळवायचं नाही. चावलेला हात-पाय मोडल्यासारखा धरून फळी किंवा काठी लावून स्थिर ठेवायचा. दोरीने आवळून बांधायचं नाही, ब्लेडने चिरायचं नाही, चोखायचं नाही, मिरची, कडुनिंब खाऊ घालून परीक्षा पाहायची नाही. उलटी होत असेल तर कुशीवर निजवायचं. १०८ ला फोन करायचा आणि ती यायला वेळ असेल तर मिळेल त्या गाडीने निघायचं. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडच्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं, आणि मेलेल्या सापाचं तोंडही काही वेळ चावू शकतं. गरोदर बाईला हे औषध देत नाहीत, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. विषबाधा झाली असेल तर तिलाही ते द्यावंच लागतं, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते.

घरातल्या जागांसाठी पैसा थोडा आणि हात जास्त लागतात. नळाच्या खड्ड्याला आतून विटा-सिमेंटचा गिलावा, उतरायला पायरी, वरून घट्ट बसणारं झाकण, आणि सांडपाण्याला शोषखड्डा. उतरण्याआधी बॅटरीचा उजेड आत फिरवायचा, काठीने कडा ठोकायच्या. सापाला हवेतला आवाज आपल्यासारखा ऐकू येत नाही, पण जमिनीचा हादरा लगेच कळतो. झाकण हाताने नाही, काठीने सरकवायचं. मोरीच्या आणि संडासाच्या पाइपांना बारीक जाळी. संडासाच्या दाराखालची फट बंद, आत सरपण नाही. मीटरच्या बोर्डामागची भोकं बुजवायची. बोर्डाजवळ साप दिसला तर पाणी फेकायचं नाही, दूर होऊन सर्पमित्राला बोलवायचं. पऱ्हाट्यांची गंजी भिंतीपासून लांब आणि दगडांवर उचललेली, सरपण संध्याकाळी उजेडात काढून ठेवलेलं. कोंबड्यांचं खुराडं न्हाणीला लागून नको. जमिनीवरच झोपावं लागत असेल तर मच्छरदाणी, आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेल्या. फिनाइल, कार्बोलिक ॲसिड शिंपडल्याने साप येत नाही, या समजावर विसंबू नये. ॲसिडने कातडी मात्र भाजते.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, चला, आता बायांना प्रशिक्षण देऊन टाकू. माझी भीती तीच आहे. या यादीतल्या निम्म्या गोष्टी बाईच्या हातात नाहीत. सिमेंट कोण आणणार, मिस्त्री कोण बोलावणार, पाण्याची वेळ कोण ठरवणार? २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने घरटी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं. गावच्या पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या बाया असाव्यात, असंही सांगितलं. पण नळजोडणी मोजताना तोटी जमिनीच्या वर आहे की खड्ड्यात, पाणी दिवसा येतं की रात्री, हे कोणी मोजत नाही. समितीतल्या बायांची नावं कागदावर आहेत आणि सह्या घरी येऊन नेल्या जातात. त्या बायांनी पहिल्या बैठकीत हेच दोन प्रश्न विचारायला हवेत.

मेल्यानंतरचा हिशेबही बघा. २०२३ पासून राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सर्पदंशाने मृत्यू झाला तर तीत दोन लाख रुपये मिळतात. पण कोणाला? खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. ज्या मजूर बाईच्या घरात सातबाराच नाही, ती दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये परडीवर पाय पडून मेली तरी या योजनेत बसत नाही. जिच्या घरी सातबारा आहे तिचाही मृत्यू घरीच झाला आणि शवविच्छेदन झालं नाही, तर अर्जाला जोडायला कागद नसतो. ‘बाईची चिरफाड नको’ म्हणून घरचे नकार देतात आणि मृत्यू कुठेच नोंदला जात नाही.

नोंदीची बाजू आता थोडी बदलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून प्रत्येक दंश आणि मृत्यूची नोंद बंधनकारक करायला सांगितलं. नोंद होणारच असेल, तर तीत जागा आणि काम यांचा रकाना असावा, ही मागणी स्त्री-संघटनांनी आत्ताच लावून धरली पाहिजे. ‘घरकाम’ नको, नळाचा खड्डा, सरपण, संडास, झोपेत, असं लिहा. तसं लिहिलं गेलं तरच पैसा त्या जागी जाईल.

येत्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. त्या सभेसाठी प्रत्येक गटाने एवढं करावं. गावात नळाचे किती खड्डे आहेत ते मोजावं, कोणत्या वस्तीत आहेत ते लिहावं, पाणी किती वाजता येतं ते एक महिना वहीत टिपावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत ते विचारावं. पहिल्याच डोसाला आठ-दहा लागतात, तेव्हा ‘आहे’ एवढं उत्तर पुरे नाही. मग ठराव मांडावा: पिण्याचं पाणी सूर्योदय ते सूर्यास्त या वेळातच सोडावं, टिल्लू पंप बंद करावेत, खड्डे पंचायतीच्या खर्चाने पक्के करावेत, शेवटच्या वस्तीपासून कामाला सुरुवात करावी, आणि मजूर बाईलाही सर्पदंशाची मदत मिळावी असं शासनाला कळवावं. ठरावाची प्रत ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्यासह आपल्या फाइलीत ठेवावी. पाऊस सुरू व्हायच्या आत हे झालं, तर याच पावसाळ्यात त्याचा उपयोग होईल.